कारागिरांच्या शाळेत माणसाचा चेहरा

नगर जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांच्या स्मरणिकेत मुंबईच्या शाळेचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जिना कधी चढलेला नसेल; पण माणसाचे डोके काढताना आपला हात ज्या क्रमाने चालतो, तो क्रम आपल्यापर्यंत पोचला तो तिथूनच. आधी अंडाकृती, मग मधली रेघ, डोळ्यांची रेघ डोक्याच्या बरोबर निम्म्यावर, नाक-हनुवटी त्याखाली. अकोल्याच्या आश्रमशाळेपासून जामखेडच्या हायस्कुलापर्यंत फळ्यावर हेच उमटते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा घेणारे कला संचालनालय १९६५ साली वेगळे निघाले, तेही जे. जे.च्या आवारातच बसले. स्मरणचित्राच्या पेपरात आठवडे बाजार, पाणवठा, बसस्टॉप असे विषय देऊन त्यात माणसे हवीतच अशी अट घालणारी ही परीक्षा म्हणजे आपल्या पोरांची मानवाकृतीशी पहिली गाठ. तेव्हा हा इतिहास परका नाही.

गंमत अशी, की ही शाळा माणसांची चित्रे काढायला शिकवण्यासाठी निघालीच नव्हती. सर जमशेटजी जीजीभाईंनी १ लाख रुपयांची देणगी दिली ती देशी कारागिरी सुधारावी म्हणून. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग भरू लागले. १८६५ साली विलायतेहून जॉन लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स आणि मायकेल हिगिन्स असे तिघे शिक्षक आले, आणि सजावटीचे रंगकाम, मातीचे व दगडाचे नक्षीकाम, लोखंडी जाळीकाम असे तीन कारखानेवजा वर्ग सुरू झाले. मुंबईत तेव्हा टोलेजंग इमारती उठत होत्या, त्यांना पानाफुलांची, प्राण्यांची, क्वचित एखाद्या पगडीवाल्या डोक्याची नक्षी हवी होती. त्या काळी विद्यार्थ्याने माणसाचा चेहरा घडवला तर तो बहुधा एखाद्या खांबाच्या टोकाला बसवण्यासाठी असे. क्रॉफर्ड मार्केटजवळची आजची इमारत १८७८ ची.

चेहरा रंगवणे ही गोष्ट आपल्याकडे साहेबाने आणली असेही समजू नये. नगरच्या निजामशाहीने सोळाव्या शतकातच उत्तम चित्रकार पोसले होते. हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आफ्ताबी या कवीने रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर लगेचच्या काळातले हे काम. त्यात राणी खुंजा हुमायून सुलतानाच्या शेजारी बसलेली दाखवली होती; पुढे राजकारण फिरले आणि बऱ्याच पानांवरची तिची आकृती खरवडून किंवा रंग फासून पुसून टाकली गेली. चित्रातला चेहरा किती जिवंत वाटत असेल याची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही. मुर्तझा निजामशहाचे एक चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पण ही चित्रे रेषेची आणि सपाट रंगाची. त्यांत उजेड कुठल्या एका खिडकीतून येत नाही, नाकाची सावली गालावर पडत नाही. ओळख पटते ती कडेच्या रेषेवरून, दाढीच्या वळणावरून, पगडीच्या बांधणीवरून. जे. जे.मध्ये जे शिकवले जाऊ लागले ते अगदी उलट होते: रेषा विसरा, सावली बघा.

त्याची सुरुवात प्लॅस्टरपासून झाली. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या पांढऱ्या प्रतिकृती विलायतेहून आणून मांडल्या होत्या. ‘अँटीक’चा वर्ग म्हणून आजही जुने लोक त्याबद्दल बोलतात आणि नव्या पिढीला त्याची टिंगल करायला आवडते. टिंगल थोडी अन्यायाची आहे. प्लॅस्टरच्या डोक्याला रंग नसतो, ते हलत नाही, कंटाळत नाही, चहाला उठत नाही. एका बाजूने उजेड सोडला की त्यावर फक्त छटा उरतात: उजेडाचा भाग, त्याला लागून मधली छटा, वळणापाशी सर्वांत गडद पट्टा, त्यापलीकडे शेजारच्या भिंतीवरून परतून आलेला अंधुक उजेड, आणि शेवटी पडछाया. नवशिका हमखास चुकतो तो त्या परतलेल्या उजेडात; तो त्याला इतका उजळ करतो की गाल पत्र्याचा वाटू लागतो. डोळे बारीक करून पाहायची सवय इथेच लागते. डोळे किलकिले केले की तपशील विरघळतात आणि दोनच ढीग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. ज्याला हे दोन ढीग नीट मांडता आले त्याचे निम्मे व्यक्तिचित्र झाले. पापण्यांचे केस नंतर बघता येतात. हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेणे, ओळंबा सोडून नाकाचा शेंडा पायाच्या कुठल्या बोटावर येतो ते पाहणे, हेही तिथलेच. कोपर वाकले की माप फसते, हे आपण सगळ्यांनी वर्गात ओरडून सांगितलेले आहे.

ग्रिफिथ्स स्वतः चित्रकार होता, नक्षीवाला नव्हता, आणि शाळेचे वळण बदलले ते इथे. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला आणि भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती करून घेत राहिला. त्यातल्या अनेक प्रतिकृती पुढे लंडनला आगीत जळाल्या. त्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६ साली निघाला. पेस्तनजी बोमनजी हे या कामातले एक प्रमुख विद्यार्थी, आणि तेच पुढे तैलरंगातले आपल्याकडचे पहिल्या फळीतले व्यक्तिचित्रकार. म्हणजे वर्गात अपोलो आणि लेण्यात पद्मपाणी, असे दुहेरी शिक्षण त्या पोरांना मिळाले. दोहोंचा मेळ त्यांनी कसा घातला हे शाळेच्या कागदपत्रांपेक्षा त्यांच्या चित्रांतल्या साडीच्या चुण्यांत नि हाताच्या बोटांत अधिक दिसते.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली शाळेत आले आणि १८९५ मध्ये त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले. विद्यार्थी, शिक्षक आणि शेवटी काही काळ शाळेचे प्रमुख अशी त्यांची वाटचाल ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ या आठवणींच्या पुस्तकात आहे. ज्याला संस्थेचा इतिहास लिहायचा आहे त्याने आधी हे पुस्तक वाचावे. अहवालांत न सापडणारी माणसे तिथे भेटतात.

मधल्या काळात वरचेवर ओढाताण चालू होती. १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप निघाले, म्हणजे पुन्हा कारागिरी. सेसिल बर्न्स या प्राचार्याच्या कारकिर्दीतही शाळा उपयुक्त हस्तकलेची की चित्रकारांची, हा वाद मिटला नाही. विद्यार्थ्यांनी मात्र आपल्यापुरता तो मिटवला होता. पारशी शेठजी, संस्थानिक, न्यायालये, नगरपालिका या सगळ्यांना तैलचित्रे हवी होती आणि त्याचे पैसे मिळत. मूळचे गोव्याचे आंतोनियो त्रिंदाद, पारशी समाजातले पिठावाला यांची ख्याती व्यक्तिचित्रांवरच झाली. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि जलरंगातही माणूस किती भरीव उभा करता येतो ते दाखवून दिले. जलरंगाचा धाक असा, की कपाळावरचा उजेड आधीच राखून ठेवावा लागतो. तो कागदाचा पांढरा, एकदा गेला की गेला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे प्रसिद्ध चित्र जलरंगातले आहे हे पुष्कळांना सांगूनही पटत नाही.

१९१९ साली शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी ‘लाइफ क्लास’ सुरू केला, म्हणजे नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास. पुढच्या वर्षी भित्तिचित्रांचा वर्ग आला. तोवर डोके आणि हात यांच्यापुरते ठीक चालत होते. अंगरख्याखाली काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. बसलेल्या माणसाचे धोतर गुडघ्यावर का ताणते आणि मांडीवर का सैल पडते, हे हाड-स्नायू माहीत असल्याशिवाय कळत नाही. साडेसात डोक्यांची उंची, कंबरेचा तिरका कल आणि त्याला तोलणारा खांद्यांचा उलटा कल, वजन ज्या पायावर आहे त्या बाजूचा नितंब वर: ही सगळी विद्या लाइफ क्लासमधली. बंगालचे टीकाकार म्हणत, ही विलायती नक्कल. सॉलोमन त्यांना हट्टाने उत्तरे देई. माझ्या मते टीकेत तथ्य होते ते विषयांबाबत, पद्धतीबाबत नव्हते. पुढे मुरलीधर आचरेकरांनी ‘रूपदर्शिनी’ या १९५८ च्या ग्रंथात जिवंत मॉडेलची रेखाटने आणि प्राचीन भारतीय शिल्पांतली शरीरे शेजारी शेजारी मांडली, तेव्हा दोन्ही बाजूंचा आवाज बराच खाली आला असावा. त्याआधी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, मंदीच्या दिवसांत, सरकारी काटकसरीच्या समितीने तर शाळाच बंद करायची शिफारस केली होती. लोकांनी ओरड केली म्हणून ती वाचली.

या वर्गात मॉडेल म्हणून बसणाऱ्यांचे नाव कुठल्याही सुवर्णमहोत्सवी ग्रंथात नसते. वीस-पंचवीस मिनिटे एका अंगावर बसायचे, पाय बधिर झाला तरी हलायचे नाही, मधल्या विश्रांतीनंतर खडूच्या खुणांवर पाय ठेवून पुन्हा तसेच बसायचे, ही कामगिरी प्राध्यापकाच्या कामगिरीहून हलकी नाही. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा २०१८ चा चित्रपट याच विषयावर होता, आणि २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा संकोच अजून कुठे राहतो ते कळले. आपल्या जिल्ह्यात मॉडेल मिळणे अजून कठीण. शाळेचे शिपाई, बाजारातले म्हातारे, शेजारची आजी यांच्यावरच आपला अभ्यास झाला, आणि एका अर्थी ते बरेच झाले. त्या चेहऱ्यांत उन्हाने केलेले काम आयते मिळते.

आता आपल्या गावचा माणूस. गोपाळ दामोदर देऊसकर यांचा जन्म ११ सप्टेंबर १९११ चा, अहमदनगरचा. चुलते रामकृष्ण वामन देऊसकर हे हैदराबादेतले नावाजलेले चित्रकार. घरातच रंग होते. जे. जे.त शिकून निजामाच्या शिष्यवृत्तीवर गोपाळराव लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले आणि तिथल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. जे. जे.ची कडक शिस्त आणि लंडनची सफाई एका हातात आली ती अशी. पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरातले टिळकचरित्रावरचे भित्तिचित्र त्यांचे. पण नगरच्या विद्यार्थ्याला न्यायचे तर बालगंधर्व रंगमंदिरात न्यावे. २६ जून १९६८ ला उघडलेल्या या रंगमंदिरासाठी देऊसकरांनी बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, दोन चित्रे रंगवली, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीभूमिकेतले.

व्यक्तिचित्राचा याहून अवघड पेपर कुणी काढू शकणार नाही. कवटी एकच. गालाचे हाड, डोळ्यांच्या खोबणीतले अंतर, नाकाच्या मुळाची रुंदी यांत तसूभर फरक करता येत नाही, केला तर बालगंधर्व राहणार नाहीत. बदलायचे ते मानेचे वळण, पापणीचा भार, ओठांच्या कोपऱ्यातली हालचाल, खांदा किती खाली सोडला आहे ते, आणि कडा. पुरुषाच्या चेहऱ्यात जबड्याची कड धारदार ठेवता येते. स्त्रीभूमिकेत तीच कड मागच्या सावलीत विरघळू द्यावी लागते. तैलरंगात हे ओला रंग ओल्या रंगात हलकेच ओढून साधते, वाळल्यावर नव्हे. ही दोन्ही चित्रे पाहून झाल्यावर विद्यार्थ्याला पुन्हा कवटीच्या तक्त्यापुढे उभे करावे, म्हणजे कशाला हात लावायचा नसतो ते त्याला कळेल.

कातडीच्या रंगाचा धडा विलायती पुस्तकांतून आपल्याला चुकीचा मिळाला. तिकडची पुस्तके गुलाबी गाल गृहीत धरून लिहिलेली. आपल्या सावळ्या कपाळावर आभाळाचा उजेड पडतो तेव्हा चकाकी निळसर, कधी जांभळट दिसते, आणि सावलीत उलट तांबूस ऊब असते. पिवळी माती, लाल माती, जळका सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा एवढ्या पाच रंगांत देशावरचा कुठलाही चेहरा निघतो. काळा हाताशी असावा, पण सावलीत घालू नये. घातला की चेहरा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर क्रमाने जास्त तेलाचे, हा नियम मोडला की पाच-दहा वर्षांत भेगा. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या लवकर पडतात.

१९३६ नंतर चार्ल्स जेरार्ड प्रमुख म्हणून आले आणि शाळेत आधुनिक वारे शिरले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाने जाहीरनामा काढला. त्यानंतर हुबेहूब चेहरा काढणारा म्हणजे मागासलेला, अशी एक हवा शाळेत बराच काळ होती. तरीही शंकर पळशीकर, संभाजी कदम यांच्यासारखे शिक्षक होते. पळशीकर १९६८ ते १९७५ अधिष्ठाता होते. अमूर्ताचा अभ्यास आणि व्यक्तिचित्राची पकड एकाच माणसात नांदू शकते हे त्यांनी सिद्ध केले. त्या वर्गांतून सुहास बहुळकर, वासुदेव कामत ही पिढी आली. कामतांनी आपल्या पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला, तेव्हा मागासलेपणाची भाषा बंद पडली.

खरे तर बाहेरच्या जगात ती कधी सुरूच झाली नव्हती. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग जिल्हाभर कारखाने, बँका, शिक्षणसंस्था आल्या, आणि प्रत्येकाच्या सभागृहात संस्थापकाचे तैलचित्र आले. मुंबईत शेठजींनी जे काम दिले ते आपल्याकडे सहकाराने दिले. फरक एवढा, की इथे माणूस समोर बसत नसे. बहुतेक वेळा तो गेलेला असे आणि हातात येई तो ओळखपत्रावरचा फोटो, समोरून फ्लॅश मारलेला, नाक सपाट, कान उजळ, डोळ्यांत भीती. चौकोन आखून तो मोठा केला की तसबीर होते, व्यक्तिचित्र होत नाही. मनाशी एक खिडकी ठरवून उजेड डावीकडून आणायचा, नाकाची सावली आपल्या ज्ञानावर टाकायची, मुलाला किंवा भावाला समोर बसवून कानाची नि मानेची ठेवण तपासायची, हा मार्ग. त्यासाठी अँटीकचा कंटाळवाणा वर्ग उपयोगी पडतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीला आहे. साईबाबांच्या हयातीत श्यामराव जयकरांनी त्यांचे चित्र रंगवले होते. द्वारकामाईत ते लोक पाहतात. बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीच्या दिवशी देह ठेवला. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती बसली ती ७ ऑक्टोबर १९५४ ला, तीही विजयादशमीलाच. शिल्पकार बाळाजी वसंत तालीम, जे. जे.चे विद्यार्थी. मॉडेल जाऊन ३६ वर्षे झालेली, हाताशी छायाचित्र. छायाचित्राला मागची बाजू नसते, आणि मूर्तीभोवती तर लोक फिरणार. एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकून बसण्याच्या त्या ढबीत धड किंचित मागे, मान किंचित पुढे आणि कफनीच्या चुण्या मांडीवरून खाली ओघळणाऱ्या. यातली एकही चुणी आतल्या हाडांशिवाय उभी राहत नाही. सॉलोमनच्या लाइफ क्लासवर तुटून पडलेल्यांनी या मूर्तीपुढे हात जोडले असतील तर त्यात मला विसंगती दिसत नाही, फक्त थोडी मौज वाटते. आज घराघरांत असलेली साईबाबांची प्रतिमा या मूर्तीवरून गेलेली आहे. वास्तववादी शाळेच्या हातून देवाचा चेहरा ठरला, अशी उदाहरणे थोडी.

शाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अभ्यासक्रम बदलतील, परीक्षा बदलतील. आपल्याकडे प्रमोद कांबळे नगरातच राहून चित्र आणि शिल्प दोन्ही करतात, त्यामुळे पोरांना मोठे काम पाहायला मुंबई गाठावी लागत नाही.

आणि एक काम आपल्या पुढ्यात येऊन पडले आहे. चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आता जिल्ह्याला आहे, आणि प्रत्येक कार्यालयाला, शाळेला त्यांचे चित्र हवे आहे. पांढरी साडी, हातात शिवलिंग, वय कायम पंचविशीचे, गाल गुळगुळीत: हे कॅलेंडरचे चित्र पुन्हा पुन्हा छापले जाते. त्या ७० वर्षे जगल्या, त्यांतली जवळजवळ ३० कारभार पाहण्यात गेली. समोर बसायला त्या नाहीत, छायाचित्र तर नाहीच. पण जामखेड-कर्जतच्या वाड्यावस्त्यांवर पदर डोक्यावरून घेतलेल्या साठी-सत्तरीच्या बाया आहेत, त्यांची कपाळे आहेत, उन्हाने बारीक झालेले डोळे आहेत. येत्या उन्हाळी सुटीत दहावी-बारावीच्या आणि एटीडीच्या मुलांना तिथे कोळसा-कागद देऊन बसवावे, परवानगी विचारून, प्रत्येक आजीला बसण्याचा मोबदला देऊन. अशी शे-दोनशे अभ्यासचित्रे साठली की मगच एखाद्याने कॅनव्हास ताणावा.